कार्डाचं व्याजही शेकड्यात सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी आपल्या पुरवणीत क्रेडिट कार्ड कसं वापरावं यावर एक लेख आला होता. खर्चाची यादी ठेवा, बिल तारखेच्या आत भरा, गरज कोणती आणि हौस कोणती ते ओळखा, असं त्यात समजावून सांगितलं होतं. लेख चांगला होता. मी तो दोनदा वाचला आणि कात्रण काढून आमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये ठेवलं. पण ज्याच्या घरी एक तारखेला पगार येतो, त्याच्यासाठीच तो लिहिलेला आहे असं वाचताना सारखं वाटत राहिलं. आमच्याकडे पैसा एक तारखेला येत नाही, कापूस निघाला की येतो. त्या लेखात आमचं घर कुठं बसतं ते मला सापडलं नाही. म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. पाच एकर कोरडवाहू शेती आहे. चार एकरांत कपाशी, एका एकरात तूर. गावातल्या महिला बचत गटाची मी सात वर्षांपासून सचिव आहे. अकरा बायकांचा गट, महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये, १० तारखेला बैठक. गटातून कोणी कर्ज घेतलं तर महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज, म्हणजे शंभराला दोन. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिते. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर रात्री झोप लागत नाही. हे अशासाठी सांगते की व्याज काय असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी आमच्या घरात जे व्हायचं ते झालं.

मुलगा आयटीआय झालेला, फिटर. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागला. हातात १८,५०० रुपये पगार. पगाराचं खातं उघडलं तेव्हा सोबत क्रेडिट कार्डही आलं. वर्षाची फी नाही, ५०,००० ची मर्यादा. त्याचे वडील पारावर सांगून आले, "बँकेनं पोट्ट्याले पन्नास हजार देल्ले." मीही शेजारी सांगितलं. आपल्या मुलावर बँकेनं भरवसा टाकला याचा आनंद होता, आणि तो खोटा नव्हता. मात्र बँकेनं दिलेली ती उधारीची मर्यादा होती. "देल्ले" आणि "उधार घेता येतील" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते आम्हाला तेव्हा दिसलं नाही.

यात "कार्ड" या शब्दानं मोठा घोटाळा केला, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आमच्याकडे कार्ड म्हटलं की केसीसी, म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. १९९८ पासून ते आलं. सासऱ्यांच्या नावानं गावच्या सहकारी सोसायटीचं पीक कर्ज होतं. ते जूनमध्ये उचलायचे, कापूस विकला की भरायचे, पुन्हा नवं-जुनं करायचे, म्हणजे जुनं भरून नवं उचलायचे. मधले सहा-आठ महिने कोणी दारात विचारायला येत नसे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं. म्हणजे आमच्या डोक्यात कार्ड या शब्दाचा अर्थ पक्का बसलेला होता: पेरणीला घ्या, वेचणी झाली की द्या. मुलाच्या हातातलं कार्ड पाहून यांनी विचारलं, "म्हंजे केसीसीवानीच नं?" मुलगा म्हणाला, "हो, तसंच." त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

सासरे २०२४ मध्ये गेले. वारस नोंद व्हायची होती, दोन्ही भावांची वाटणी व्हायची होती, सातबाऱ्यावर यांचं नाव नव्हतं. म्हणून २०२५ च्या खरिपाला सोसायटीचं कर्ज मिळालं नाही. जून उजाडला. मृग कोरडा जातो की काय म्हणता म्हणता पाऊस आला, आणि घरात बियाणं नाही. तेव्हा मुलगाच म्हणाला, "बाबा, कार्ड आहे नं."

कपाशीच्या बियाण्याचं पाकीट ९०१ रुपये. आठ पाकिटं. डीएपी खताची बॅग १,३५० रुपये. सहा बॅगा. दुकानदार म्हणाला की कार्ड घासलं तर दोन टक्के जास्त लागतील. दिले. वखरणी आणि टोबणीच्या मजुरीला रोख पाहिजे होती, म्हणून तालुक्याच्या एटीएममधून त्याच कार्डावर १०,००० काढले. क्रेडिट कार्डावर रोख काढली की काढल्या दिवसापासून व्याज लागतं, खरेदीला मिळते ती पन्नास दिवसांपर्यंतची बिनव्याजी मुदत त्याला लागू नाही. वर काढण्याचे ५०० रुपये आणि त्यावर जीएसटी ९० रुपये, हे आम्हाला बिलात कळलं. मुलानं त्याआधी त्याच कार्डावर एक मोबाईल घेतला होता, दोन शर्ट घेतले होते, पेट्रोल टाकलं होतं. सगळं मिळून ४२,०००.

जुलैमधल्या एका रविवारी तो घरी आला. रात्री जेवणं झाल्यावर छपरीत बसून त्यानं मोबाईलवर बिल उघडलं. इंग्रजीत होतं. तो वाचत होता, मी ऐकत होते. दोन आकडे मोठ्या अक्षरांत. एक एकूण देणं, ४२,०००. दुसरा त्याच्या खाली, किमान देणं, २,१००. तो म्हणाला, "आई, बँक २,१०० च मागते."

संपादक साहेब, त्या वाक्यानं मला किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही. मी लगेच मनात हिशेब केला. २,१०० चे वीस हप्ते म्हणजे ४२,०००. वीस महिन्यांत फिटलं. गाडीचा हप्ता असतो तसा हा हप्ता असणार. गटात सात वर्षं कर्जाचे हप्ते लिहिलेली बाई मी, पण "किमान" या शब्दाला मी हप्ता समजले. आणि एकटी मी नाही, त्यानंतर मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी हेच सांगितलं, "हप्ताच असते नं तो."

जुलैला भरले, ऑगस्टला भरले, सप्टेंबरला भरले. मध्ये पोळा आला. कार्ड मी स्वतः रुमालात बांधून कपाटात ठेवलं होतं. पण ते रुपे कार्ड होतं, आणि असं कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, तसं मुलानं मोबाईलमध्ये जोडलेलं होतं. बैलांचा साज आणि वाण-सामान घेताना दुकानात त्यानं कोड स्कॅन केला आणि ६४० रुपये नेहमीच्या खात्याऐवजी कार्डातून गेले. कार्ड कपाटात, खर्च मोबाईलमध्ये. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याच महिन्यात बँकेचा मेसेज आला की आपली मर्यादा ९०,००० करता येईल, संमती द्या. आम्ही २,१०० जुळवता जुळवता थकलो होतो आणि समोरून ९०,००० ची वाट दाखवली जात होती. मुलगा संमती देणार होता. "वेळेवर कामी येईल," म्हणाला. मी नाही म्हटलं. ग्राहकाच्या होकाराशिवाय मर्यादा वाढवता येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून नाही म्हणता आलं. सात वर्षांत गटात कोणाला कर्ज नाकारताना मला वाईट वाटलं असेल, पण हा नकार देताना नाही वाटलं.

ऑक्टोबरात कारखान्यात पगार उशिरा झाला. पाच दिवस चुकले. तीन दिवसांपर्यंत उशीर झाला तर दंड लावता येत नाही, आमचे पाच झाले. ९५० रुपये दंड, वर जीएसटी, एकूण १,१२१.

नोव्हेंबरचा पाचवा भरणा झाल्यावर मी मुलाला म्हटलं, पाचही बिलं कागदावर काढून आण. त्यानं आणली. दुपारी घरात कोणी नसताना मी गटाच्या रजिस्टरसारख्या रेघा मारल्या. तारीख, मागील बाकी, व्याज, दंड, भरणा, शिल्लक. भरले होते १०,३०० रुपये. शिल्लक होती ४२,०००. मी पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली. पाच महिने मुलानं बुटीबोरीत डबा कमी करून, मी दूध विकून भरलेले दहा हजार तीनशे, आणि आम्ही जिथून निघालो तिथंच उभे.

मग मी व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवलं. महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे शेकडा साडेतीन रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३ पैसे. शेकडा चार रुपये तेरा पैसे! हे शेकड्यात मांडलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. बिलात "वार्षिक ४२ टक्के" असंही लिहिलेलं होतं, पण त्या आकड्यानं मला काही झालं नव्हतं. आमच्याकडे व्याज कोणी वर्षाच्या टक्क्यात बोलत नाही. सावकार शेकडा पाच सांगतो, गट शेकडा दोन सांगतो, नातेवाईक शेकडा तीन मागतो. शेकडा चार रुपये तेरा पैसे म्हटलं असतं तर यांनी जूनमध्येच सांगितलं असतं, "नाही बाप्पा, एवढं कोन देईन?"

४२,००० वर महिन्याचं व्याज आणि जीएसटी मिळून १,७३४ रुपये होतात. आम्ही भरत होतो २,१००. त्यातले मुद्दलात जात होते जेमतेम ३६५. आणि बाकी घटली की पुढचं किमान देणंही घटतं, म्हणजे मुद्दलात जाणारे आणखी कमी. दंड नसता लागला, पोळ्याचे ६४० नसते गेले, तरी या चालीनं निम्मं कर्ज उतरायलाच साडेसहा वर्षं लागली असती. वीस महिन्यांचा माझा हिशेब कुठं आणि हे कुठं. केवळ किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड लांबत जाईल आणि व्याजावर व्याज चढेल, असा इशारा बिलावर द्यावा लागतो. आमच्या बिलावरही तो होता. दुसऱ्या पानाच्या तळाशी, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. "किमान देणं २,१००" मात्र पहिल्या पानावर, ठळक.

याच सुमारास माझ्या वाचनात आलं की २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज क्रेडिट कार्डावर लावणं अनुचित ठरवलं होतं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. म्हणजे ते वरचं झाकण निघालं. दुसरीकडे सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला १२ टक्के, म्हणजे शेकडा एक रुपया. सगळे सावकार तो पाळतात असं कोणी म्हणणार नाही, पण कायद्यात निदान आकडा आहे. बँकेचं कार्ड आहे म्हणून ते सावकारापेक्षा स्वस्तच असणार, हा आमचा समज होता. तो समज गावोगाव आहे.

१० डिसेंबरची बैठक. माझ्या जागेवरून उठून मी कर्जाची मागणी केली. सचिवानं स्वतःसाठी मागायचं म्हणजे घशात शब्द अडकतात. कशासाठी ते रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. "घरखर्च" असं लिहिता आलं असतं, मी "क्रेडिट कार्डाची बाकी फेडणे" असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्या गटातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "कायले लाजते वं? पयसे गटाचे हाय अन् गट तुहाच हाय." मग त्यांनी विचारलं, त्या कार्डाचं शेकडा किती पडते? मी सांगितलं. दोघी-तिघींनी एकदम मान वर केली. त्यांतल्या एकीच्या जावयाकडे कार्ड आहे आणि दुसरीच्या दिरानं गेल्याच महिन्यात घेतलं आहे, हे तेव्हा कळलं. त्या दिवशी बैठक दोन तास चालली. बचतीचे पैसे शेवटी गोळा केले.

गटातून २०,००० घेतले. गटाचं व्याज महिन्याला ४०० रुपये. तेवढ्याच रकमेला कार्डावर ८२६ पडले असते. आणि गटाचे ४०० गटातच राहतात, दुसऱ्या कोणा बाईच्या शिलाई मशीनला जातात.

उरलेले २२,००० कापसाचे. यंदा सप्टेंबरच्या पावसानं बोंडं सडली, वेचणी उशिरा झाली. कपास किसान ॲपवर नोंदणी करून, स्लॉटची वाट पाहून १२ क्विंटल सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला गेला. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० होता, तरी ओलाव्याप्रमाणे कपात होतेच. पैसे खात्यात आले आणि १९ डिसेंबरला कार्डाची सगळी बाकी भरली. मुलानं मोबाईलवर शून्य दाखवलं. मी देवापुढे दिवा लावला.

जानेवारीत ७९८ रुपयांचं बिल आलं. मला वाटलं फसवणूक आहे. मग कळलं की बिल निघालं ५ तारखेला, आम्ही भरलं १९ ला, त्या मधल्या चौदा दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. ज्यांची बाकी जुनी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. सगळं भरलं म्हणून पाठ फिरवू नये, पुढचं एक बिल तरी बघावं. नाहीतर त्या सातशे-आठशेवर पुन्हा दंड सुरू होतो.

तेही भरलं आणि कार्ड बंद करायला सांगितलं. फोनवर पंधरा-वीस मिनिटं थांबवून ठेवत, एका माणसाकडून दुसऱ्याकडे देत, कार्ड ठेवा, वापरू नका पण ठेवा, अमुक सूट देतो, तमुक देतो. असं तीन वेळा झालं. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी सांगितलं की देणं शून्य असेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, रिझर्व्ह बँकेचे तसे निर्देश आहेत, आणि उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. मुलानं हे सगळं ईमेलमध्ये लिहिलं. चौथ्या दिवशी कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला. तीस दिवसांत बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, १४४४८ हा त्यांचा क्रमांक आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण क्रमांक मी रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे.

हेच गुरुजी स्वतः कार्ड वापरतात. रेल्वेचं तिकीट, गॅस, मुलीच्या कॉलेजची फी. त्यांच्या कार्डाची पूर्ण रक्कम, किमान नव्हे, दर महिन्याला खात्यातून आपोआप वळती होते. पगाराच्या तारखेशी जुळावी म्हणून बिलाची तारीखसुद्धा त्यांनी बँकेला सांगून बदलून घेतली. त्यांना एक पैसा व्याज पडत नाही. म्हणून कार्डच वाईट असं मी म्हणणार नाही. ते महिन्याच्या पैशाचं साधन आहे. आमच्या शेतातला पैसा वर्षाचा आहे. जूनमध्ये पेरलेलं डिसेंबरात हाती येतं, आणि कार्डाचं बिल जुलैमध्येच दारात उभं राहतं. मधल्या पाच महिन्यांना शेकडा चार रुपये तेरा पैसे पडतात. बियाणं आणि खत कार्डावर घेऊ नका, एवढं मी आता ज्याला त्याला सांगते. फार अडलंच तर गट आहे, सोसायटी आहे, दुकानदाराची हंगामापुरती उधारी आहे. तिचा भाव आधी विचारून घ्यावा, पण निदान तो तोंडी शेकड्यात कळतो.

मुलाच्या खर्चाबद्दलही लिहायला पाहिजे, कारण पेरणीच्या आधीचे सोळा हजार त्याचेच होते. पोरगा वाईट नाही. दारू नाही, जुगार नाही. तेवीस वर्षांचा आहे, परगावी खोलीत राहतो. जानेवारीत आम्ही दोघांनी मिळून त्याच्या मोबाईलवरचे मागच्या दोन महिन्यांचे स्कॅन एकेक करून वहीत उतरवले. बाहेरचं खाणं ३,४०० रुपये निघालं. त्याचा विश्वास बसेना. रोख दिलेले पैसे त्याला आठवत होते, कोणाला दिले, काय घेतलं ते सगळं. स्कॅन केलेल्यांतले अर्धे आठवतच नव्हते. नोट हातातून जाताना मनाला कळतं, स्कॅनमध्ये ते कळत नाही. त्याला रागावून मी काय मिळवणार होते? आता त्यानं दोन खाती ठेवली आहेत. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही. पगार झाला की ५,००० इकडे घरी आणि खोलीचं भाडं, हे आधी जातं. दुसरं खातं स्कॅनसाठी. त्यात दर रविवारी १,५०० टाकतो. संपले की पुढच्या रविवारपर्यंत संपले. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच संपले होते. मागच्या आठवड्यात शनिवारी २१० उरले होते, ते त्यानं मला फोन करून सांगितलं.

आपल्याकडे माझं मागणं मोठं नाही. आपल्या दैनिकात रोज कापसाचे, तुरीचे, सोयाबीनचे भाव येतात. त्याच पानावर आठवड्यातून एकदा व्याजाचे भाव छापा. पीक कर्ज, बचत गट, सोनेतारण, मोबाईलवरच्या ॲपचं कर्ज, क्रेडिट कार्ड. सगळे शेकड्यात, महिन्याचे, जीएसटी धरून. एका रांगेत. वर्षाच्या टक्क्यांत छापू नका, ते आमच्या कानाला लागत नाहीत.

बँकांना विनंती आहे की जिल्ह्यातल्या शाखांतून कार्ड देताना हे केसीसी नव्हे, एवढं एक वाक्य मराठीत सांगा आणि तो किमान रकमेचा इशारा त्या रकमेच्या शेजारी, तिच्याच आकाराच्या अक्षरांत, मराठीत छापा. उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या प्रशिक्षणात आम्हाला दशसूत्री, म्हणजे गट चालवायचे दहा नियम शिकवतात, हिशेब ठेवणं शिकवतात. त्यात एक तास मुलांच्या कार्डाचं बिल कसं वाचायचं यासाठी द्यावा. बिल कोणाचंही चालेल. माझ्या मुलाची पाचही बिलं मी द्यायला तयार आहे. नाव झाकून ती आमच्या भागातल्या गटांच्या प्रभाग संघाच्या बैठकीत मी वाचून दाखवली आहेत.

या महिन्यात फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर यांचं नाव चढलं. एप्रिलमध्ये सोसायटीत पीक कर्जाचा अर्ज द्यायचा आहे, त्यासाठीचे कागद मी आत्तापासून एका पिशवीत भरून ठेवले आहेत. गटाच्या कर्जाचे दोन हप्ते गेले, आठ राहिले.

मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत, म्हणून माझं नाव छापू नये. पत्ता कार्यालयाला कळवला आहे.

आपली वाचक,
एका बचत गटाची सचिव,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ